मोलाची नजर



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हा फोटोग्राफर कुठून आला? आणि तोही कलादालनात प्रदर्शन भरवणारा नव्हे. कंपन्यांच्या सभा, परिषदा, पुरस्कार-समारंभ यांचे फोटो काढून पोट भरणारा. कोणाच्या नोकरीत नाही, आज हे काम, उद्या ते. असा माणूस सभागृहात भिंतीला पाठ लावून उभा असतो आणि आपण त्याच्याकडे बघत नाही. आमचे म्हणणे असे, की छायाचित्रणावर ज्यांनी मोठा विचार केला त्यांनीही त्याच्याकडे पाहिले नाही, आणि त्यामुळे त्यांच्या विचारात एक मोठी जागा रिकामी राहिली.

दोन पुस्तके घेऊ. पहिले रोलाँ बार्थचे ‘कॅमेरा ल्युसिडा’, १९८० सालचे. बार्थ छायाचित्रातले तीन पक्ष सांगतो: टिपणारा, पाहणारा आणि टिपला जाणारा. मग तो प्रामाणिकपणे म्हणतो, की आपण छायाचित्रकार नाही, हौशीसुद्धा नाही. तेव्हा पहिल्या पक्षाबद्दल आपण बोलू शकत नाही. ठीक आहे. पण पुढे त्याचा सगळा सिद्धान्त पाहणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. चित्रातला एखादा तपशील, टिपणाऱ्याने हेतूने न ठेवलेला, आपल्याला अचानक टोचतो. त्याला तो ‘पंक्टम’ म्हणतो. फार सुंदर कल्पना आहे, यात वाद नाही.

आता ही कल्पना घेऊन एखाद्या कंपनीच्या वार्षिक समारंभात जाऊ. अध्यक्षांचे भाषण चालू आहे आणि मागे बसलेल्या संचालकांनी जांभई दिली. बार्थला टोचणारा तपशील नेमका हाच! पण आमचा फोटोग्राफर काय करतो? रात्री घरी जाऊन शेकडो फोटोंतून निवड करताना तो हा पहिल्यांदा बाजूला काढतो. डोळे मिटलेले, तोंडात घास असलेले, पदर सरकलेले, सगळे बाद. म्हणजे बार्थ ज्याला छायाचित्राचा प्राण म्हणतो, तो वेचून काढून टाकणे हे याचे रोजचे काम. याला कोणी खोटेपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याचा चेहरा काही वेळ आपल्या हाती सोपवलेला आहे, ही जाणीव त्यात आहे. आपल्याकडे तिला मर्यादा म्हणतात.

पण याच मर्यादेला एक धारही आहे, बरं का. सभागृह अर्धे रिकामे असते. लांबची लेन्स लावली, पुढच्या चार रांगा एकमेकींना चिकटवून दाखवल्या, की गर्दी झाल्यासारखे दिसते. ‘खुर्च्या रिकाम्या दिसू देऊ नका,’ असे आयोजक सांगतातच. जांभई वगळणे आणि रिकाम्या खुर्च्या लपवणे, दोन्हीत वगळणेच आहे. पण पहिल्यात एका माणसाची लाज राखली जाते, दुसऱ्यात सगळ्यांची समजूत फसवली जाते. ही रेघ कुठे ओढायची हे त्याला उभ्या उभ्या ठरवावे लागते. नीतिशास्त्राच्या वर्गात आपल्याला यासाठी सबंध सत्र लागते.

दुसरे पुस्तक सुझन साँटॅगचे, ‘ऑन फोटोग्राफी’, १९७७. तिचे एक मुख्य म्हणणे असे, की फोटो काढणे म्हणजे त्या वस्तूवर एक प्रकारे ताबा मिळवणे. पर्यटकाबद्दल हे खरे असेल. पण मोलाने काम करणाऱ्याच्या हाती कोणता ताबा येतो? उत्तर आपल्या कायद्यातच आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो, की छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. हे कलम २ मध्ये. आणि कलम १७ सांगते, की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसताना पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे पाहिले याने आणि पाहिलेले झाले त्याचे! कर्तृत्व आणि मालकी यांची इतकी सरळ फारकत क्वचितच दिसते. साँटॅगचा ताबा इथे उलटा फिरतो: चित्र काढल्यामुळेच ते हातचे जाते.

ही गोष्ट सिद्धान्तकारांपेक्षा एका विनोदी चित्रपटाने जास्त ओळखली आहे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’, १९८३. विनोद आणि सुधीर मुंबईत फोटो स्टुडिओ काढतात आणि गिऱ्हाईक येत नाही. मग ‘खबरदार’ची संपादक त्यांना काम देते, भक्ती बर्वे यांनी ती भूमिका काय केली आहे! पुढे बागेत काढलेला एक फोटो मोठा करताना त्यांना त्यात खून दिसतो. टोचणारा तपशील हाती लागला. पण त्याचे होते काय? संपादिकेला तो पैसे उकळायला हवा, बिल्डरला दडपायला हवा. फोटो सगळ्यांचा होतो, काढणाऱ्यांचा सोडून. आणि शेवटी कैद्याचे कपडे त्यांच्याच अंगावर येतात. आपण हसतो, पण पाहिले कोणी आणि त्याचे फळ कोणाला, हा प्रश्न तिथे उघडाच राहतो.

कोणी म्हणेल, दोन तासांचे तर काम, बटण दाबायचे, त्यात एवढे काय? तर ते दोन तास बघा. समई एकदाच पेटते. चुकली की चुकली. म्हणून एक कॅमेरा बंद पडलाच तर दुसरा गळ्यात असतो, आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. मागच्या एलईडी पडद्यावर पट्टे उमटू नयेत म्हणून शटर जपून ठेवायचे. पाच पाहुण्यांत मुख्य कोण, हे आधी माहीत हवे. ‘सर, एकदा इकडे’ म्हणून दिलेली ढाल पुन्हा द्यायला लावायची. रात्री जागून फोटो धाडायचे आणि मग पैशांसाठी महिनोन्‌महिने हिशेब विभागाला फोन करायचे.

म्हणून ही टीका निव्वळ ग्रंथांवरची नाही. फोटो म्हणजे यंत्राची करामत, एवढेच जोवर आपण मानतो, तोवर पाहण्याचे श्रम आपल्या हिशेबात येत नाहीत. आणि जे हिशेबात नाही त्याचे पैसे शेवटी दिले जातात. २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो, की नोंदणी केलेल्या अशा छोट्या व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत; थांबवले तर व्याज द्यावे लागते. कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ म्हणते, की मालकी गेली तरी ‘हे मी केले’ म्हणण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. दोन्ही तरतुदी आहेत. पण उद्याचे काम हातचे जाईल या भीतीने मागणारा मागत नाही.

आपल्यापैकी अनेक जण संस्था चालवतात, संमेलने भरवतात. पुढच्या वेळी काम देताना मालकी कोणाकडे राहील ते आधी लिहून ठेवा, स्मरणिकेत फोटोखाली नाव छापा, आणि मुदतीत पैसे द्या. मराठीत ‘मोल’ या एका शब्दात मजुरीही आहे आणि किंमतही. मोलाने घेतलेली नजर कमी मोलाची ठरत नाही, एवढे भाषेने आपल्याला कधीच सांगून ठेवले आहे.