शौल राजाचें ऐकणें

ख्रिस्ती उपदेशांत वरचेवर सांगितल्या जाणाऱ्या कथांमध्यें शौल राजाची कथा प्रमुख आहे. देवाचा शब्द एका राजानें मानला नाहीं, म्हणून त्याचें राज्य गेलें, मनःशांति गेली आणि शेवटीं प्राणहि गेला, असा तिचा सारांश रविवारच्या शाळेंतील मुलांपासून उपासनेस जमलेल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांस जवळजवळ सारख्याच शब्दांत ऐकावयास मिळतो. हा सारांश खोटा नव्हे. परंतु एक अंगठी हरवली व पुढें सांपडली, एवढाच शाकुंतलाचा सारांश कोणी सांगितला, तर तोहि खोटा म्हणतां येणार नाहीं! शमुवेलाचें पहिलें पुस्तक ज्या कोणी रचलें तो नीतिपाठ घोकून घेणारा पंतोजी नव्हता. जगांतील थोर कथाकारांच्या पंक्तींत बसणारा तो पुरुष होता, असें आमचें मत आहे. देवाची वाणी ऐकणें म्हणजे काय, आणि ती न ऐकल्यानें माणसाचें काय होतें, या प्रश्नाचें त्यानें दिलेलें उत्तर उपदेशकांच्या उत्तराहून अधिक कठोर आहे, व आश्चर्य असें कीं तें अधिक दयार्द्रहि आहे.

प्रथम एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. हिब्रू भाषेंत 'शमा' असा एक धातु आहे. कानानें ऐकणें हा त्याचा अर्थ, आणि सांगितलेलें मानणें हाहि त्याचाच अर्थ. इंग्रजी भाषांतरकारांस या एका धातूकरितां दोन निराळे शब्द योजावे लागतात व त्यामुळें मूळांतील धागा तुटतो. मराठीस ही अडचण मुळींच नाहीं. "कार्टा माझें ऐकत नाहीं" असें म्हणणारी आई मुलाच्या कानाचें दुखणें सांगत नसते, हें कोणासहि समजावून द्यावें लागत नाहीं. असें असतां आमच्याकडील उपदेशांत 'आज्ञापालन' हा भारदस्त शब्द रूढ व्हावा, याचें आम्हांस वाईट वाटतें. आज्ञा पाळणारा शिपाई असतो. ऐकणारें मूल असतें. या कथेंतील सारी खुबी दुसऱ्या शब्दांत आहे, पहिल्यांत नाहीं.

पंधराव्या अध्यायाच्या आरंभींच शमुवेल शौलास बजावतो कीं, परमेश्वराच्या शब्दांचा आवाज ऐक. 'आवाज' यास हिब्रूंत 'कोल' म्हणतात. हा दुसरा शब्दहि ध्यानांत ठेवावा. अमालेकी लोकांचा समूळ नाश करावा, माणूस वा जनावर कांहींच राखूं नये, असा निरोप असतो. शौल दोन लक्ष पायदळ व यहूदाचे दहा हजार लोक घेऊन निघतो, जिंकतो, आणि परततांना अगाग राजाला जिवंत ठेवतो; चांगलीं मेंढरें, पुष्ट गुरें राखतो, टाकाऊ तेवढें मारतो. वाटेंत स्वतःचें एक स्मारकहि उभारतो. इकडे शमुवेल रात्रभर देवापाशीं आक्रोश करीत असतो. सकाळीं दोघांची गांठ पडते, तेव्हां शौल हंसतमुखानें पुढें होऊन सांगतो कीं, सर्व कांहीं आज्ञेप्रमाणें झालें. त्यावर शमुवेल त्याला दटावीत नाहीं, केवळ विचारतो कीं, मग माझ्या कानीं येतो हा मेंढरांचा कसला आवाज? येथें मूळांत पुन्हां तोच 'कोल', आणि गुरांचें हंबरणें ऐकूं येतें म्हणतांना पुन्हां तोच 'शमा'. शौल आधीं लोकांवर ढकलतो. मग यज्ञासाठीं राखलीं म्हणतो. शेवटीं सगळ्या सबबी सरल्यावर कबूल करतो कीं, लोकांना भिऊन आपण त्यांचा आवाज ऐकला. देवाचा आवाज, जनावरांचा आवाज, लोकांचा आवाज: एका अध्यायांत हे तीन आवाज कथाकारानें इतक्या सहजतेनें मांडले आहेत कीं, टीकाकारानें बोट दाखवीपर्यंत वाचकास त्यांची रचना जाणवतहि नाहीं. शौल बहिरा कधींच नव्हता. त्यानें भलत्याचें ऐकलें.

या माणसाविषयीं कथाकाराच्या मनांत तिरस्कार असता, तर तेराव्या अध्यायाची हकीकत त्यानें निराळ्या रीतीनें सांगितली असती. तेथें पलिष्टी समोर उभे ठाकले आहेत, सैन्य पळत सुटलें आहे, आणि शमुवेलानें ठरवून दिलेले सात दिवस संपले तरी शमुवेल येत नाहीं. शौल होम स्वतःच उरकतो. तो उरकतांच म्हातारा दत्त म्हणून हजर! राज्य टिकणार नाहीं असें तेव्हांच सांगून तो निघून जातो व शौल उरलेलीं माणसें मोजतो, तीं सुमारें सहाशें भरतात. ही मोजणी कथाकारानें कशासाठीं लिहिली? अशा वेळीं आठवा दिवस वाट पाहणारा मनुष्य आम्हीं तरी पाहिलेला नाहीं.

आतां ज्या प्रश्नास बहुतेक उपदेशक बगल देतात त्याकडे वळूं. अमालेकी स्त्रिया व तान्हीं मुलें मारण्याची आज्ञा देवाची म्हणून सांगितलेली आहे, आणि ती वाचून ज्याच्या अंगावर कांटा येत नाहीं त्यानें ती वाचलीच नाहीं. तिसऱ्या शतकांतील ओरिगेन या पंडितानें जुन्या करारांतील युद्धांचा अर्थ अंतःकरणांतील दुर्गुणांशीं झगडा असा लावला. ती युक्ति सोयीची आहे. पण शब्दांत रक्त सांडलेलें दिसत असतां त्याला रूपक म्हणणें आमच्या रसिकतेस पटत नाहीं. येथें एवढेंच म्हणतां येतें कीं, शौलाचें न ऐकणें दयेपोटीं नव्हतें. त्यानें मुलें वांचविलीं असतीं तर त्याची कथा निराळी झाली असती, कदाचित् आम्ही त्याच्या बाजूनें उभे राहिलों असतों. त्यानें वांचविलें तें एका राजाला व लठ्ठ बैलांना. ही नोंद करून कथाकारानें शौलाची पळवाट बंद केली आहे. आमची अडचण मात्र दूर केलेली नाहीं.

कारण अडचण अशी कीं, त्या अध्यायांत शौलानें देवाचा आवाज स्वतः ऐकलाच नाहीं. त्यानें ऐकला तो शमुवेलाचा. आणि शमुवेलाचा आवाज तो देवाचा आवाज, हें कोणी ठरवावें? याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत बाल शमुवेलाला रात्रीं हांक येते, तेव्हां तो तीन वेळां एली याजकाकडे धांवत जातो, कारण ती हांक त्याला वृद्ध एलीचीच वाटते. पुढें जो संदेष्टा झाला त्यालासुद्धां आरंभीं देवाचा आवाज व याजकाचा आवाज यांतील भेद कळला नाहीं, ही गोष्ट ज्या कथाकारानें आवर्जून सांगितली त्याला हा प्रश्न सुचला नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

हाच प्रश्न महाराष्ट्राच्या एका कन्येनें इंग्लंडांत विचारला होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं वाँटेज येथें झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आहे. त्या पत्रांत ज्येष्ठ भगिनी नम्रतेचा व आज्ञाधारकपणाचा उपदेश करतात, आणि रमाबाई आदर न सोडतां पण ठामपणें उत्तर देतात कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून नुकतें उतरविल्यावर दुसऱ्याचें सांगणें तेवढ्याच अंधपणानें परमेश्वराचें म्हणून आपण घेणार नाहीं. वरवर पाहतां हेंहि न ऐकणेंच आहे. वाँटेजच्या कित्येकांस तें तसेंच वाटलें असेल. परंतु शौलाचें न ऐकणें व रमाबाईंचें न ऐकणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. शौलानें लोकांचें ऐकलें तें मान राखण्यासाठीं. रमाबाईंनीं लोकांचें ऐकलें नाहीं, त्यामुळें पुण्यांत व परदेशांत, दोन्हीकडे, त्यांस बोल लागला. पुढें केडगांवीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं सगळें बायबल साध्या मराठींत उतरविलें. त्या १९२२ सालीं वारल्या व तें भाषांतर १९२४ सालीं बाहेर आलें. आवाज मध्यस्थावांचून ऐकावयाचा, तर त्याची भाषा स्वतः शिकली पाहिजे, असा हा सरळ हिशेब होता. व्याकरण घोकणें हाहि ऐकण्याचाच एक प्रकार आहे, ही गोष्ट उपदेशकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

शौलाकडे परत येऊं. आपण पाप केलें हें त्यानें कबूल केलें होतें, हें पुष्कळांस आठवतहि नाहीं. दावीदाचा अपराध पाहिला तर तो शौलाहून घोर. परस्त्रीचें हरण आणि तिच्या पतीचा घात. तरी नाथान संदेष्ट्यानें दोष पदरीं घालतांच दावीदाच्या तोंडून मूळ हिब्रूंत दोनच शब्द बाहेर पडतात: अपराध केला, तो परमेश्वराचा. पुढें 'पण' नाहीं, 'कारण' नाहीं. शौलाच्या कबुलीला मात्र एकदां भीतीचें कारण जोडलेलें आहे. आणि दुसऱ्यांदा ती देतांना तो मागणें करतो कीं, माझ्या लोकांच्या वडील मंडळीसमोर आतां तरी माझा मान ठेव. या एका वाक्यांत सबंध मनुष्य उभा राहतो. शमुवेलाचा झगा धरून ओढल्यानें तो फाटतो, तेव्हांहि शौलाचें लक्ष पाठीमागें उभ्या असलेल्या वडील मंडळीकडे आहे. आणि शमुवेल? तो त्याच्याबरोबर परत जातो, मान ठेवतो, मग आयुष्यभर त्याचें तोंड पाहत नाहीं व त्याच्यासाठीं शोक करीत राहतो. देव मनुष्यासारखा पस्तावत नाहीं असें तो शौलाला सुनावतो खरा, पण त्याच अध्यायांत त्याच्या आगेंमागें दोन ठिकाणीं कथाकार सांगतो कीं, शौलाला राजा केल्याचा परमेश्वरास पस्तावा झाला. भाष्यकारांनीं या विसंगतीवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांस तर ती पुसून टाकावीशी वाटत नाहीं. नाकारलेल्या मनुष्याबद्दल नाकारणाऱ्यालाहि दुःख होतें, हें सांगण्याचा दुसरा मार्ग कथाकाराजवळ नसावा.

न ऐकण्याचा परिणाम म्हणून वीज कोसळत नाहीं कीं रोगराई येत नाहीं. शौल त्यानंतरहि राज्य करीतच राहतो. परिणाम येतो तो अठ्ठाविसाव्या अध्यायांत, शांततेच्या रूपानें. पलिष्ट्यांचा तळ पाहून शौलाचें काळीज थरथरतें व तो देवाला विचारतो. पण स्वप्नांत, चिठ्ठ्यांत, संदेष्ट्यांत, कोठेंच उत्तर येत नाहीं. शौल या नांवाचा अर्थच 'मागून घेतलेला', व विचारणें यालाहि हिब्रूंत तोच धातु; म्हणजे ज्याचें नांवच मागणें त्याच्या मागण्याला उत्तर नाहीं! ज्या भूतविद्येला त्यानें स्वतः देशाबाहेर घालविलें होतें तिच्याच एका वृद्ध झालेल्या आशेनें तो वेष पालटून एन-दोर येथील एका स्त्रीच्या दारीं जातो. ती झगा पांघरलेल्या म्हाताऱ्याचें वर्णन करते आणि शौल ओळखतो. शमुवेल लहान असतां त्याची आई हन्ना दरसाल एक लहानसा झगा शिवून त्याला नेऊन देत असे; वाचकाला तो आठवतो, आणि गिलगाल येथें फाटलेलाहि.

मृत शमुवेल नवें कांहींच सांगत नाहीं. तूं ऐकलें नाहींस, एवढेंच पुन्हां सांगतो, व उद्यांचा मृत्यु सांगतो. शौल उभाच्या उभा जमिनीवर पडतो. दिवसरात्र त्याच्या पोटांत अन्न नसतें. येथें दुसरा कोणीहि लेखक पडदा पाडता. हँडेलच्या १७३९ सालच्या 'शौल' या संगीतरचनेंत तसा तो पडलाच आहे. एन-दोरचें दृश्य त्यांत आहे, पण पुढचें जेवण नाहीं. मूळांत मात्र ती स्त्री जवळ येऊन म्हणते कीं, मीं जीव मुठींत घेऊन तुझा आवाज ऐकला. आतां तूंहि माझा ऐक, दोन घास खा. तो आधीं नाहीं म्हणतो. मग सेवकहि आग्रह करतात, आणि तो त्यांचा आवाज ऐकतो. तेच दोन शब्द, 'शमा' आणि 'कोल'! पुष्ट जनावरांपायीं ज्याचें राज्य गेलें त्याच्यासाठीं एक बहिष्कृत बाई आपल्या घरचें पोसलेलें वासरूं कापते, पीठ मळते, भाकरी भाजते. आयुष्याच्या शेवटच्या रात्रीं शौल एकदांचा ऐकतो. पण तें देवाचें नव्हे, जेव म्हणणाऱ्या एका बाईचें. यांत कथाकाराचा उपहास आहे कीं करुणा, यावर मतभेद होऊं शकेल. आमचें मत करुणेच्या बाजूनें पडतें. उपहास करणारा माणूस पीठ मळण्याचा तपशील देत नाहीं.

नव्या करारांतील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या कर्त्यानें ऐकण्याचा हाच विषय पंचाण्णवाव्या स्तोत्राच्या आधारें घेतला आहे. रानांत हट्ट धरून बसलेल्या पिढीचें उदाहरण देऊन तो 'आज' या एका शब्दावर सारा भर देतो. 'आज' म्हणतां येतें आहे तोंवर मन कठीण करूं नका, असा त्याचा अभिप्राय. शौलाचें नांव तेथें येत नाहीं. तें आलें असतें तर एन-दोरच्या घरीं ती रात्र अजून 'आज' होती कीं नव्हती, हें त्या पत्रकर्त्यास ठरवावें लागलें असतें, आणि आमची अशी समजूत आहे कीं तें त्याला सोपें गेलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं गिल्बोवा डोंगरावर शौलाचे तीन मुलगे पडतात व तो स्वतःच्या तरवारीवर पडून मरतो. दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभीं त्याचा मुकुट घेऊन दावीदाकडे एक मनुष्य येतो आणि आपणच शौलाला मारलें असें बक्षिसाच्या आशेनें सांगतो. तो अमालेकी असतो. पण पहिल्या पुस्तकाचा शेवट त्याच्यापाशीं होत नाहीं. पलिष्टी शौलाचें प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगतात. कारकीर्दीच्या आरंभीं याबेश-गिलाद गांवावर संकट आलें असतां, तेथील रडणें कानीं पडतांच शौल शेतांतून उठून धांवला होता. त्याच्या आयुष्यांतील तें सर्वांत चांगलें ऐकणें होतें. त्या याबेशच्या लोकांनीं आतां ही वार्ता ऐकली. त्यांतले शूर लोक रात्रभर चालत गेले, तटावरून प्रेतें उतरवून गांवीं घेऊन आले, हाडें एका झाडाखालीं पुरलीं, आणि सात दिवस उपास केला.