सोंगामागचा चेहरा

मराठीत नाट्यसमीक्षा शंभर वर्षांहून जुनी आहे, पण सोंगाची समीक्षा आपण जवळजवळ केलीच नाही. रंगमंचावरचा नट घसरला तर आपण दोन रकाने लिहितो. मुखवटा घालून नाचणारा गावकरी मात्र ‘लोककला’ या शब्दाच्या पेटीत बंद होतो आणि त्याच्या वाट्याला कौतुकाची चार वाक्ये येतात. हे कौतुक मला उपेक्षेइतकेच बोचते. ज्याचे बरेवाईट कोणी ठरवत नाही, त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेलेही नसते.

हे मी उज्जैनच्या टॉवर चौकात बसून लिहितो आहे. फ्रीगंजचा हा चौक. वस्तीचे कागदोपत्री नाव माधवनगर, पण ते बोलताना फारसे कोणी घेत नाही. संध्याकाळी घड्याळाच्या मनोऱ्याभोवती खाण्याच्या गाड्या लागतात. श्रावणात साबुदाण्याच्या खिचडीवर फराळी शेव-चिवडा पडतो, आणि आमच्या घरातली वडीलधारी माणसे अजूनही म्हणतात, ‘ही कसली खिचडी!’ (खातात मात्र सगळे.) सोमवारी रेल्वेच्या पलीकडच्या जुन्या शहरात महाकालाची सवारी निघते. ती या चौकात येत नाही. आम्हीच पूल ओलांडून तिच्याकडे जातो.

सवारी म्हणजे मुखवट्यांची मिरवणूक. पालखीत चंद्रमौलेश्वर, हत्तीवर मनमहेश, मग शिवतांडव, नंदीवर उमामहेश, ‘होळकर’ नावाचा मुखवटा, सप्तधान. दर आठवड्याला एक रूप वाढते आणि शेवटच्या सवारीत सगळी एकत्र येतात. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेला संपतो, आपला तेव्हा निम्माच झालेला असतो. सवारी दोन्ही पंचांगांचा मान राखते आणि भाद्रपदाच्या, म्हणजे आपल्या श्रावणाच्या, अमावस्येपर्यंत चालते. 2023 साली श्रावण अधिक आला आणि सवाऱ्या दहा झाल्या. शिंदेशाहीची ही खूण आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी मंदिर पुन्हा उभारले. परतीच्या वाटेवर पालखीची पूजा होते ते गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचे. इथल्या मराठी घरांना सवारी आपली वाटते ती यामुळे.

पण समीक्षकाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. या मुखवट्यामागे माणूस नाही. तो कोणी घालत नाही, वाहून नेतात. नाचणारा नाही, बोलणारा नाही, तरी तो समोर आला की गर्दी हलते. हे कशाने घडते?

उत्तरासाठी मला जव्हार-मोखाड्याकडे जावे लागते. तिथे आणि नाशिकच्या डोंगराळ भागात बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, संबळ, पिपाणी, मशाली आणि रात्रीमागून रात्री चालणारी सोंगे: गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. शेवटी देवी आणि महिषासुर यांचे युद्ध. नरसिंहाच्या आत कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असते. काल त्याच्याशी बांधावरून भांडलेला माणूसही आज त्याच्यापुढे हात जोडतो. आपल्या भाषेत ‘सोंग करणे’ म्हणजे ढोंग, आणि ‘सोंग घेणे’ म्हणजे अंगावर जबाबदारी घेणे. क्रियापद बदलले की अर्थ उलटतो. आपण दोन भाषांत राहणारी माणसे. हिंदीतला ‘स्वांग’ याच कुळातला आहे हे आपल्याला सांगायला नको.

जे ठाऊक आहे ते न बोलण्याची ही रीत जगात इतरत्रही आहे. चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (1958) या कादंबरीत पूर्वजांचे आत्मे मुखवटे घालून न्यायनिवाडा करायला येतात. त्यांतल्या एकाची चाल ओकोंक्वोसारखी आहे, आणि ओकोंक्वो आपल्या जागेवर दिसत नाही. त्याच्या बायकांच्या हे ध्यानात आले असेलही, असे लेखक सुचवतो. पण त्या काही बोलत नाहीत. पुढे गावातलाच एक धर्मांतरित माणूस भर रस्त्यात एका आत्म्याचा मुखवटा ओढून काढतो, आणि गावाच्या दृष्टीने एका पूर्वजाचा खून होतो. वोले शोयिंकाच्या ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ (1975) या नाटकात इंग्रज अधिकारी आणि त्याची बायको योरुबांचा एगुंगुनचा, म्हणजे मृत पूर्वजांचा, पवित्र वेश नाचाच्या मेजवानीसाठी चढवतात. त्यांचाच देशी शिपाई, स्वतः मुसलमान असूनही, त्या वेशातल्या साहेबाशी बोलायला तयार होत नाही. साहेबाला ही अडाणी भीती वाटते. मला तो शिपाई नाटकातला सर्वांत जाणता प्रेक्षक वाटतो. मुखवटा अर्धा घालणाऱ्याचा आणि अर्धा पाहणाऱ्याचा असतो, हे त्याला कळलेले आहे.

आता आमच्या चौकाकडे पाहा. अलीकडे मिरवणुकांत शिवाच्या वरातीचे भाडोत्री ताफे येतात: राख फासलेले अघोरी, रबरी तोंडांची भुते, धुराची यंत्रे. एकदा असेच एक भूत टॉवरपाशी थांबले, मुखवटा उलटा करून काखेत धरला आणि चहा पिऊ लागले. समोर एक लहान मूल होते. ते घाबरले नाही, हसलेही नाही. फक्त त्याचे बघणे संपले. त्या कलाकाराला मी दोष देणार नाही. तो उकाड्याने हैराण झाला होता आणि चहा हा त्याचा हक्कच होता. पण त्याच्या सोंगाला गाव नव्हते, आणि त्याच्यासाठी गप्प राहण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

सवारीतही ही हवा शिरते आहे. 2024 च्या श्रावणात दीड हजार डमरूवादकांनी एकत्र वादन करून गिनीज विक्रम केला. त्याच वर्षी आदिवासी नृत्यपथके सवारीत आली, आणि ‘शाही’ सवारी ‘राजसी’ झाली. नावाच्या वादात मला रस नाही. ‘शाही’ काय आणि ‘राजसी’ काय, शब्द दरबाराचाच. नृत्यपथकांबद्दल मात्र बोलले पाहिजे. ती नाचतात उत्तम, पण गर्दी आणि पोलिसांचे दोर यांच्या मध्ये त्यांना पुढे ढकलत नेले जाते. रिंगणाच्या नाचाची सरळ रेघ होते. गाणे पुरे होण्याआधी पुढचा बँड त्यावर चढतो. अशा वागवण्याला सन्मान म्हणणे मला जमत नाही. आणि पडद्याच्या गाड्या आल्यापासून, पालखी दहा हातांवर असताना लोक पडद्याकडे पाहताना मी पाहिले आहेत. चंद्रमौलेश्वराचा चेहरा खांद्यांच्या लयीत किंचित डुलतो. पडद्यावर तो स्थिर आणि मोठा दिसतो. ते डुलणे हाच त्याचा नाच आहे, आणि तो खांदेकऱ्यांच्या पायांतून येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नृत्यपथकांना रामघाटावर त्यांचे रिंगण आणि पुरेसा वेळ द्यावा, पालखी येण्याआधी. आणि गोपाळ मंदिरासमोर पूजा होईपर्यंत निवेदकाने ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. कोण आले आहे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.