नकाराचा अर्थ

पायथनचे एखादे पॅकेज बसवताना ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, की आज्ञेआधी ‘सुडो’ लिहा, म्हणजेच व्यवस्थापकाचे अधिकार वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते तो घातक आहे. लिनक्सची स्वतःची काही कामे पायथनवरच चालतात. त्या फायली बदलल्या, तर आपले पॅकेज बसते. पण संगणकाची एखादी सोय बंद पडू शकते.

डेबियनच्या २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ‘पिप’ला या सामाईक जागी मनाई झाली. नकाराच्या संदेशातच ‘व्हेनव्ह’चा मार्ग सांगितला आहे, हे उत्तम. परंतु त्याच संदेशाच्या शेवटी मनाई ओलांडण्याचा पर्यायही छापला आहे! धोक्याची सूचना सोबत असली, तरी घाईतला विद्यार्थी तोच उचलणार.

‘व्हेनव्ह’ २०१२ पासून पायथनसोबतच मिळते. ते आपल्याच फोल्डरात प्रत्येक कामासाठी वेगळी जागा करते. फोल्डर आपले असल्याने व्यवस्थापकाची परवानगी लागतच नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक गटाला वेगळ्या परीक्षानळ्या देतो, मूळ बाटलीत कोणाला काही मिसळू देत नाही, तसेच हे. म्हणून नकार मिळताच शिक्षकांनी आधी विचारावे: ही फाईल कोणाची?