मढ्यावरचे कापड आणि काळा पोशाख

पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. त्या वसाहतीतला माझा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात काळा फाटका शर्ट, काळी नखे आणि डोळ्यांत काजळ अशा वेषात वर्गात आला. पोरे हसली. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्यानेच मला 'गॉथ' हा शब्द सांगितला आणि बाउहाउस या इंग्रज मंडळींचे १९७९ चे 'बेला लुगोसीज डेड' ऐकवले. ड्रॅक्युलाचे काम करणाऱ्या नटाच्या मरणावरचे नऊ मिनिटांहून लांब गाणे. बराच वेळ नुसता ठेका आणि करकर, गाणारा फार उशिरा येतो. संगीतातले मला कळत नाही. पण ही माणसे घाईत नाहीत एवढे कळले.

पंकचा भर ओसरत असताना इंग्लंडात हे उगवले. १९८० मध्ये लीड्सला सिस्टर्स ऑफ मर्सी, १९८२ मध्ये लंडनच्या सोहोत 'बॅटकेव्ह' क्लब. त्याच १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. या पोरांनी मरण, दुःख, कुरूपता अशा सभ्य समाजाने दाराबाहेर ठेवलेल्या गोष्टी अंगावर घेतल्या. मुलग्यांनी काजळ घातले. हा नकार आहे आणि तो मला खरा वाटतो.

तरीही माझे मन अडते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे कोणती, तर प्रेतांवरची, असे लिहून ठेवले आहे. माझ्या आजोबांच्या वाट्याला मढ्यावरचे कापड आले ते हौसेने नव्हे, गावकीने. म्हणूनच १९२७ साली महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेबांनी आमच्या बायाबापड्यांना लुगडे नीट नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका असे सांगितले. आमच्याकडे धड कपडा हाच विद्रोह होता. ज्याला फाटके घालायची सक्ती कधीच नव्हती, त्यालाच फाटक्याची ऐट परवडते. शिवाय गॉथ मंडळी तोंडाला पांढरे फासतात. माझ्या विद्यार्थ्याने तेवढे केले नव्हते, ते मला आवडले.

हे लोक रात्री वेष उतरवून ठेवू शकतात, आम्ही जात कुठे उतरवणार, असे मी त्याला सुनावले. त्याने मला सोफी लँकेस्टरबद्दल वाचायला दिले. वीस वर्षांची ही मुलगी लँकेशायरातल्या बेकप या जुन्या गिरणगावच्या बागेत ऑगस्ट २००७ मध्ये मित्राबरोबर होती. टोळक्याने आधी त्याला तुडवले. ती त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली, तेव्हा तिलाही तुडवले. ती तेरा दिवसांनी गेली. कारण एवढेच, की दोघे वेगळे दिसत होते. त्या क्षणी वेष उतरवायला तिला कोणी सवड दिली नाही. माझे वाक्य मला मागे घ्यावे लागले, निदान अर्धे तरी.

२००८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या न्यायाधीशाने हा द्वेषाचा गुन्हा आहे असे स्पष्ट म्हटले. पेहरावाच्या द्वेषाला तिथल्या कायद्यात वेगळे कलम नव्हते, तरी म्हटले. पुढे २०१३ मध्ये मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषगुन्हे म्हणून नोंद सुरू केली. त्याच २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या न्यायालयाने खैरलांजीच्या खुन्यांना शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. आमच्याकडे कायदा होता. जात मात्र न्यायालयाला दिसली नाही.

त्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: दलिताला सार्वजनिक जागी नवे कपडे किंवा पादत्राणे घालण्यापासून अडवणे हा गुन्हा. 'नवे कपडे' हे शब्द एकविसाव्या शतकातल्या कायद्यात लिहावे लागले! कपड्यावरची समीक्षा करणाऱ्यांनी एकदा हे कलम वाचावे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीला तो विद्यार्थी काळ्यातच आला. म्हाताऱ्यांनी त्याला कोणाचे सुतक म्हणून विचारले. तो म्हणाला, कोणाचे नाही, मला बरे वाटते म्हणून. त्यांनी त्याच्या गालाला निळा गुलाल फासला आणि झेंडा धरायला दिला.