पाखरांकडे पाहण्याची शिस्त
फुलापक्ष्यांच्या छायाचित्रांविषयी काही विचार

आपल्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर, धर्मग्रामांच्या स्मरणिकांत, दिनदर्शिकांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक विशिष्ट प्रकारचे चित्र वारंवार दिसते. जास्वंदीचे टपोरे फूल किंवा फांदीवर बसलेला एखादा बुलबुल, आणि त्याखाली पवित्र शास्त्रातील एक वचन. हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे की, त्यास स्वतंत्र भक्तिप्रकार मानावयास हरकत नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, वेदीवरून दिलेल्या प्रवचनाचीही मागे बसून होते. या चित्रांची मात्र कोणी करीत नाही. भक्तीचे कवच असलेल्या वस्तूविषयी बरेवाईट बोलणे आपणांस अप्रशस्त वाटते. आमच्या मते ज्या गोष्टीस आपण श्रद्धेच्या दारापाशी उभे करतो, तिची पारख अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. परसातील फुले व पाखरे टिपता टिपता माणूस निर्मात्यापर्यंत पोहोचतो, की आपल्याच आवडीपर्यंत येऊन थांबतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्यास या विषयाचा वारसा मोठा आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या कवीला मराठीची थोरवी सांगताना मोगरा व मोर यांचीच आठवण झाली. तेथे फूल व पक्षी हे उपमान आहेत. दुसऱ्या कशाची तरी महती सांगण्यासाठी ते येतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या कवितेत हे नाते पालटते. टिळकांना महाराष्ट्राने 'फुलामुलांचे कवी' म्हटले. 'केवढे हे क्रौर्य!' या त्यांच्या कवितेतील पक्षीण ही उपमा नाही; ती घायाळ झालेली, पिलांच्या ओढीने घरट्याकडे परतणारी आई आहे. त्या कवितेने अनेक पिढ्यांच्या शाळकरी मुलांना पाखराचे दुःख हे दुःखच असते, हे शिकविले.

येथे एका घटनेचे स्मरण उचित ठरेल. टिळकांच्या पुढाकाराने १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले आणि त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणास 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे 'फुलराणी' लिहिणाऱ्या या कवीचा गौरव ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला, ते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होते. फुलाच्या पाकळ्या मोजणारा आणि फुलाचे गाणे करणारा, दोघे एकाच मांडवात बसले होते. आमच्या कॅथलिक परंपरेतही हा योग दिसतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे दोघे येशूसंघीय धर्मगुरू आयुष्यभर झाडाझुडपांच्या मागे डोंगर चढले. सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकपद भूषविले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नेमके पाहणे ही त्यांची उपासनेहून वेगळी काढलेली वृत्ती नव्हती.

नेमके पाहण्याची ही आज्ञा शुभवर्तमानातच आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू पाखरांविषयी व रानफुलांविषयी बोलतो. भाषांतरात दोन्ही ठिकाणी साधारण 'पाहा', 'लक्ष द्या' अशी क्रियापदे येतात; मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत. पाखरांसाठी 'एम्ब्लेप्साते', म्हणजे नजर रोखून पाहा. फुलांसाठी 'कातामाथेते', म्हणजे नीट अभ्यासून शिका. ज्या धातूपासून 'शिष्य' हा ग्रीक शब्द झाला, त्याच धातूचे हे रूप आहे. फुलाचे शिष्य व्हा, असाच त्याचा ध्वनी आहे. चित्राखाली हे वचन छापणाऱ्यांपैकी किती जण त्यातील आज्ञा पाळतात? फूल हाती लागले, टिपले, पुढे पाठविले, एवढ्याने शिष्यत्व येत नाही.

मग पारख कशी करावी? संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: अखंडता, सुसंगती आणि तेज. विशेष हे की, त्यांनी ती पवित्र त्रैक्यातील पुत्राविषयी बोलताना सांगितली. तीच तीन मापे आम्ही या चित्रांस लावून पाहतो.

पहिले माप अखंडतेचे. आजच्या छायाचित्रात मागचे सारे धूसर करून पक्षी तेवढा उठावदार दाखविण्याची पद्धत आहे. तंत्र म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु शिंपी पक्षी म्हणजे केवळ हिरवट पाठ आणि उभी शेपटी नव्हे. तो पानांच्या कडा शिवून घरटे करतो. ती पाने, त्यांवरची धूळ, शेजारची कपडे वाळविण्याची तारही त्याच्या जगात येते. हे सारे पुसून टाकले की पाखरू कोठलेही होते आणि म्हणून कोणाचेच उरत नाही. नावाचेही तसेच. अरण्यातील माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा करून मराठीस 'पक्षीकोश' देणारे मारुती चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. त्यांच्या मराठीत 'एक सुंदर पक्षी' अशी ओळ देऊन मोकळे होणे हा आळस आहे. एदेन बागेत आदामाकडे प्राण्यापाखरांना नावे देण्याचे कामही आले होते, हे विसरता कामा नये.

दुसरे माप सुसंगतीचे. चित्र आणि वचन यांच्या नात्याचे. चिमणीच्या छायाचित्राखाली चिमण्यांविषयीचे प्रभूचे वचन हमखास असते, आणि चित्रातील चिमणी गुबगुबीत, सुखात असते. वचनाचा प्रसंग मात्र बाजारातला आहे. मत्तयाच्या नोंदीप्रमाणे एका नाण्यास दोन चिमण्या मिळत. लूकच्या नोंदीप्रमाणे दोन नाण्यांस पाच. म्हणजे जास्त घेणाऱ्यास पाचवी फुकट. जिला बाजारात काहीच मोल नाही, त्या पाचव्या चिमणीचाही देवास विसर पडत नाही, हा त्या वचनाचा गाभा आहे. आणि मत्तय ज्या चिमणीविषयी बोलतो, ती जमिनीवर पडणारी आहे. गोंडस चित्राने हा अर्थ झाकला जातो. वचन दिलासा देते खरे, पण ते मरणाच्या समोर उभे राहून देते.

तिसरे माप तेजाचे. परसात येणारा जांभळा शिंजीर पाहावा. त्याच्या नराचा झगमगाट हा पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून उमटतो. उन्हाचा कोन बदलला की तोच पक्षी कोळशासारखा काळा दिसतो. विणीचा हंगाम सरला की नर हा थाट उतरवितो. मादीसारखा मळकट पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. छायाचित्रे आढळतात ती बहुतेक झगमगत्या नराचीच. ज्याने वर्षभर तोच पक्षी, त्याच कण्हेरीवर, दोन्ही वेशांत टिपला असेल, त्याने आमच्या मते तेज म्हणजे काय हे अधिक जाणले. तेज उसने आहे, येते आणि जाते, आणि गेल्यावरही पाखरू तेच असते. तपश्चर्याकाळ व पुनरुत्थानकाळ दोन्ही पाळणाऱ्या श्रद्धावंतांस हे वेगळे सांगावयास नको.

या तीन मापांनंतर एक उणीव ठळक होते. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू सामान्यपणे पाखरे म्हणत नाही; तो कावळ्याच्या कुळातील पक्ष्याचे नाव घेतो. लेवीय ग्रंथाप्रमाणे तो अशुद्ध पक्षी. देव त्यालाही खाऊ घालतो, असे प्रभू सांगतो. आमच्या मराठी मनास तर कावळा फार जवळचा: ज्ञानेश्वरांच्या विरहिणीस शकुन सांगणारा आणि पिंडाशी वाट पाहावयास लावणारा. परंतु दिनदर्शिकेवर कावळा कोणी पाहिला आहे काय? केवळ देखण्या पाखरांतून सिद्ध होणारा देव हा शुभवर्तमानातील देवापेक्षा लहान आहे.

याहून गंभीर बाब घरट्यांच्या चित्रांची. चोची वासलेली पिले दिसावीत म्हणून आडची पाने बाजूला केली जातात, डहाळी वाकविली जाते. पानांचा तो पडदा गेला की ऊन आत येते, कावळ्यास व मांजरास वाट सापडते, आणि बिथरलेले आईबाप कधी कधी घरटे सोडून जातात. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात वाटेवरच्या घरट्याविषयी स्पष्ट नियम आहे: पिलांवर बसलेल्या आईला पिलांसह धरू नये. एवढ्या लहान नियमाच्या पालनास तेथे दीर्घायुष्याचे अभिवचन जोडले आहे. टिळकांच्या कवितेतील माणूस बाण उचलतो, आपण यंत्र उचलतो. पण घरटे उघडे पडले तर पिलांच्या दृष्टीने फरक उरत नाही. चित्र कितीही सुंदर असो, ते कसे मिळविले हा प्रश्न त्याच्या सौंदर्याचाच भाग आहे.

आता एक आक्षेप, जो आमच्या कंधार भागात कोणीही घेईल, आणि घ्यावाही. येथे मन्याड नदी आहे, भुईकोट किल्ल्याचा खंदक आहे, राष्ट्रकूटकाळाची आठवण सांगणारा जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. तरीही उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा चुकत नाहीत. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात फुले फुलविणे आणि पाखरांची चित्रे काढणे हा भरल्या पोटाचा छंद नव्हे काय? आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर बाग पाहिल्यावर मिळते. येथील परसाची बाग भांडी घासलेल्या पाण्यावर जगते. मोरीचे पाणी केळीला व कर्दळीला जाते. कण्हेर आणि सदाफुली थोडक्यात भागवितात. गुलबक्षी दिवसभर मिटून राहते आणि ऊन कलल्यावर उमलते. आणि ज्या घरात हंडा मोजून वापरतात, त्याच घराच्या भिंतीवर चिमण्यांसाठी फुटक्या मडक्याच्या खापरीत पाणी ठेवलेले असते. गरिबाचे सौंदर्यप्रेम हे उरल्यासुरल्यातून येत नाही. ते वाट्यातून काढून दिलेले असते. विधवेची दोन नाणी मंदिरात पडली तीही अशीच.

प्रभूने सांगितलेले फूलही बागेतले नव्हतेच. मराठी बायबलमध्ये त्यास 'भूकमळ' म्हटले आहे. ते नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. निश्चित एवढेच की, ते रानातले होते आणि ज्या गवतात ते उगवे, ते दुसऱ्या दिवशी भट्टीत जात असे. आमच्याकडील कापसाचे फूल पाहावे. पहिल्या दिवशी फिकट पिवळे, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गळून जाते. आणि वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या चुलीत जातात. त्या फुलास शलमोनाच्या वैभवाहून थोर म्हणण्याचे धैर्य शुभवर्तमानाने दाखविले. या फुलाचे चित्र भक्तीच्या दिनदर्शिकेवर येईल, त्या दिवशी आमचा भक्तिप्रकार प्रौढ झाला असे आम्ही समजू.

शेवटी मूळ प्रश्न. सौंदर्याने श्रद्धा सिद्ध होत नाही. ज्ञानग्रंथाचा तेरावा अध्याय याविषयी सावध करतो: सृष्टीच्या सौंदर्याने मोहून काही जण तिलाच देव मानून बसले, कर्त्याकडे वळलेच नाहीत. मात्र सृष्टीच्या थोरवीवरून तिच्या कर्त्याची कल्पना करता येते, असेही तोच अध्याय सांगतो. वाट खरी आहे आणि मध्येच थांबण्याचा धोकाही खरा आहे. माणूस कोठे थांबला, हे त्याच्या चित्राहून त्याच्या वागण्यावरून कळते. असिसीच्या संत फ्रान्सिसने पाखरांना भावंडे म्हटले आणि महारोग्यासही मिठी मारली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितला. आमच्या मराठीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरवाईवर प्रेम केले आणि तिच्या रक्षणासाठी ते लोकांबरोबर रस्त्यावरही उतरले. २०२० साली तत्कालीन उस्मानाबादेस, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते २०२४ साली गेले.

तेव्हा आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या हाती छायाचित्रणाचे साधन आहे, त्यांनी ते खाली ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी अधिक वेळ पाहावे, पाखराचे नाव विचारून घ्यावे, घरट्यापासून दूर राहावे, आणि एखादे चित्र कावळ्याचेही काढावे. खापरीतील पाणी आटले असेल तर चित्र काढण्यापूर्वी ते भरावे.