‘तरीही पुढे जा’

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणावर बोललो. आज तोच धागा धरून एका प्रदर्शनाच्या दाराशी जाऊ.

कुडाळला व्यापारी प्रदर्शन होतं. काजू फोडायची यंत्रं, कोकमाचं आगळ, आंब्याचा पल्प, असे गाळे. दाराशी तीन संगणक. येणाऱ्याने आपली नोंद आपण करायची. ब्राउझर उघडला की लाल त्रिकोण: ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ आणि मॉनिटरला चिकटवलेला कागद: ‘घाबरू नये. अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, मग पुढे जा.’ माझ्या पुढच्या बाईंनी दोनदा दाबलं, नाव-फोन भरला. मीही दाबलं. खोटं कशाला सांगू?

माझी टीका त्या कागदावर आहे. कारण साधं होतं. नोंदणीचं पान हॉलमधल्याच एका लॅपटॉपवर होतं आणि त्याचं प्रमाणपत्र त्यानेच स्वतःला दिलेलं. आपणच आपला साक्षीदार! ब्राउझर हा पक्का नैयायिक आहे बघा. ज्ञानाचं प्रामाण्य ज्ञानातूनच कळतं, हे तो मानत नाही. तिसऱ्याची साक्ष मागतो. त्या साक्षीदाराला कोण ओळखतं? आणखी वरचा. अनवस्था होऊ नये म्हणून शेवटी आप्तांची एक यादी संगणकात आधीच ठेवलेली असते.

म्हणजे ते लाल पान ‘समोर चोर आहे’ असं म्हणत नाही. ‘समोर कोण आहे याची मला खात्री नाही’ एवढंच म्हणतं. अज्ञानाची ही प्रामाणिक कबुली आहे, आणि कागद म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नका.

आप्त चुकतात का? चुकतात. 2014 च्या जुलैत आपल्याच नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या नावाने गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. ती रद्द करावी लागली. म्हणून तर शंका घेणारं यंत्र हवं.

कुणी म्हणेल, लोक वाचतच नाहीत. 2013 साली आखावे आणि फेल्ट या दोन संशोधकांनी अशा सूचनांचं प्रत्यक्ष मोजमाप केलं. तेव्हाच्या क्रोममध्ये प्रमाणपत्राच्या सुमारे 70 टक्के सूचना ओलांडल्या गेल्या, फायरफॉक्समध्ये 33 टक्के. माणसं काही दोन जातींची नव्हती. सूचना मांडण्याची रीत वेगळी होती. तेव्हा दोष फक्त वाचणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

आपल्या मालवणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या थांबतात. का? तो उगाच लागत नाही, म्हणून. आणि बावट्याखाली ‘काही नाही, जावा तुम्ही’ अशी पाटी कुणी लावत नाही. लावली, तर पुढच्या खऱ्या वादळात त्या बावट्याला किंमत काय राहील?

तेच इथे. ब्राउझरने तो अपवाद त्या एका पत्त्यापुरता ठेवला. सवय मात्र त्या बाईंबरोबर घरी गेली. उद्या बँकेच्या नावाखाली तसंच लाल पान आलं, तर त्यांचा हात आपोआप कुठे जाईल? आपल्या गैरसोयीवर इलाज म्हणून आपण दुसऱ्याची सावधगिरी खर्च केली. विचारलं कुणाला?

बरं, करायचं काय? नोंदणीचं पान स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर ठेवा. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था 2015 पासून प्रमाणपत्रं फुकट देते. संगणकावर पाहुण्यांची खिडकी उघडा आणि प्रत्येक माणसानंतर ती बंद करा, म्हणजे आधीच्याचा फोन नंबर पुढच्याला दिसायचा नाही. आदल्या संध्याकाळी स्वतः अनोळखी पाहुणा होऊन तिन्ही संगणकांवर नोंद करून पाहा.

एवढं करूनही लाल पान आलंच, तर कागद जरूर लावा. त्यावर लिहा: ‘थांबा. आम्हाला बोलवा.’ आणि बोलावल्यावर या म्हणजे झालं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.