सेंट अँड्र्यूजचे शिखर

कलकत्त्यास बदलून आलेल्या आमच्या मराठी बांधवांस लालदिघीच्या ईशान्य कोपऱ्यावरील सेंट अँड्र्यूजचे प्रार्थनामंदिर अपरिचित नाही. कचेरीच्या वाटेवर ते रोज दिसते. परंतु रोज दिसणारी वस्तू आपण पाहतोच असे नाही. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

१८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात अँग्लिकन बिशप नेमला गेला, तसे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथासही सरकारी धर्मोपदेशक मिळाले. या पंथात बिशप नाही. कारभार वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे असतो. १८१४ साली बिशप मिडलटन आणि डॉ. जेम्स ब्राइस असे दोघेही कलकत्त्यास आले आणि मानापमानाचा झगडा सुरू झाला. जुन्या कोर्ट हाउसच्या जागी ३० नोव्हेंबर १८१५ रोजी, संत अँड्र्यूच्या सणास, पायाभरणी झाली. ८ मार्च १८१८ रोजी मंदिर उपासनेस खुले झाले.

वास्तूचा नमुना लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सचा. जेम्स गिब्जची ती कृती १७२६ ची. म्हणजे अँग्लिकनांशी वैर आणि अनुकरणही त्यांचेच! केवळ अनुकरण म्हणून आम्ही तिला दोष देणार नाही. डोरिक खांबांची दर्शनी देवडी गंभीर व प्रमाणबद्ध आहे. दोष आहे तो शिखराचा. देवडी आणि शिखर यांचा सांधा जुळत नाही. ते छपर फोडून उगवल्यासारखे भासते. मात्र दिघीच्या पलीकडच्या काठावरून पाहावे. रायटर्स बिल्डिंगच्या लांबच लांब आडव्या रेषेला या एकाच उभ्या रेषेने पूर्णविराम मिळतो. वास्तू म्हणून जे उणे, ते नगररचनेत भूषण ठरले, असा आमचा अभिप्राय आहे.

या शिखराची एक आख्यायिका आहे. बिशपांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा डॉ. ब्राइस यांनी त्यावर वातकुक्कुट बसविला. हेतू हा की, कोंबड्याने बिशपांच्या डोक्यावर आरवावे! पुढे सरकारने इमारतीची दुरुस्ती करण्यास मान्यता दिली, पण कोंबड्यावर काही खर्च करू नये असे बजावले, असे सांगतात. टिपणी लिहिण्यात आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस या शेऱ्याचे मर्म समजावून सांगावयास नको.

हेच ब्राइस १८२३ साली सरकारी लेखनसामग्री समितीचे कारकून झाले. धर्मोपदेशकाने दौती-कागदांचा हिशेब ठेवावा, याची 'कलकत्ता जर्नल'चे संपादक बकिंगहॅम यांनी थट्टा केली, तर त्यांना हद्दपार व्हावे लागले. सत्तेच्या आश्रयास गेलेला धर्म थट्टाही सोसू शकत नाही, हा या इतिहासाचा खरा धडा.

१९७० साली नागपुरास अनेक पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. आज हे मंदिर त्याच संघात आहे, आणि त्या संघात बिशप आहेत. ज्यांच्यावर आरवण्यासाठी कोंबडा चढविला, त्यांच्याच छत्राखाली शिखर येऊन उभे राहिले. माणसांची भांडणे मिटली. त्या भांडणाने उंचावलेली रेषा मात्र नगराला शोभा देत राहिली आहे.